विसराळू माणसाची वही

विसराळूपणावर घरोघरी दोनच उपाय सांगतात: बदाम खा आणि नीट लक्ष दे. बदाम खायला हरकत नाही. दुसरा उपाय मात्र कुचकामी, कारण लक्ष द्यायचंय हेच तर ऐनवेळी आठवत नाही. वीस-पंचवीस वर्षं जे जमलं नाही ते येत्या सोमवारपासूनही जमणार नाही, हे एकदा मान्य करा. मग डोक्यावरचा भरवसा काढून तो कागदावर ठेवायला शिकता येतं. ही सवय नीट बसली की काही महिन्यांत एक गंमत दिसते. चांगल्या स्मरणशक्तीचा माणूस अधूनमधून तोंडघशी पडतो, कारण त्याने काही लिहिलेलंच नसतं. आणि "नक्की काय ठरलं होतं?" हे विचारायला लोक विसराळू माणसाकडे येऊ लागतात.

आधी आठ दिवस नुसती नोंद

पहिले आठ दिवस काहीही सुधारायचं नाही. जे विसरलं ते लिहायचं: काय, किती वाजता, कुठे, आणि त्या क्षणी दुसरं काय चाललं होतं. "मंगळवार, सकाळी ९.१०. डबा ओट्यावर राहिला. चप्पल घालताना फोन आला." एवढी ओळ पुरते. चूक लक्षात येईल तेव्हाच लिहा. विसराळू माणसाने दिवसभरात काय काय विसरलं ते रात्री आठवून लिहायचं, हा विनोद झाला.

आठ दिवसांनी साधारण चार ढीग पडतात. पहिला, करायचं ठरवलेलं राहून गेलं: फोन, औषध, बिल. दुसरा, काम झालं पण शेवटचं टोक राहिलं: झेरॉक्सच्या मशीनच्या काचेखाली मूळ कागद, गाडीला लटकलेली किल्ली. तिसरा, वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही. चौथा, ऐकलेलं-वाचलेलं टिकत नाही. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. बहुतेकांचा एकच ढीग भलामोठा निघतो. काम तिथून सुरू करा, चारही आघाड्या एकदम उघडू नका.

तिसऱ्या ढिगाचं इथेच उरकून टाकू. किल्ली, चष्मा, पाकीट, चार्जर यांना दाराजवळ एकच टोपली किंवा खुंटी द्या. वस्तू एक तर अंगावर किंवा तिथे, मधली जागाच नाही. "आत्तापुरतं इथे ठेवतो" म्हणून ठेवलेली वस्तू हरवली असं धरूनच चाला.

नोंदीत काही वेगळं दिसलं तर मात्र वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणं, रोजचा स्वयंपाक किंवा पैशाचा हिशोब अचानक न जमणं, किंवा आधी नसलेला विसराळूपणा थोड्या आठवड्यांत वाढणं, ही त्यातली मुख्य लक्षणं. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी माणसांत ती बरीच आढळते), थायरॉइडचा बिघाड, अपुरी झोप, नैराश्य आणि काही औषधं यांनीही विसरायला होतं. त्यावर उपचार आहेत. लहानपणापासून लक्ष भरकटत असेल आणि त्यापायी नोकरी-संसाराची ओढाताण होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडून एकदा तपासून घेणं चांगलं.

वही कशी, आणि तिच्यात काय

वही खिशात किंवा पर्समध्ये मावणारी, शिवलेली, ऐंशी-शंभर पानांची घ्या. स्पायरलची नको. तिची पानं फाडायला सोपी असतात, आणि पान फाडलं की सुट्या चिठ्ठ्यांचा जमाना परत आला. पेन वहीलाच अडकवलेलं हवं. फोनवर लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण जागा एकच ठेवा. वही, दोन अ‍ॅप, फ्रिजवरची चिठ्ठी आणि स्वतःलाच पाठवलेले मेसेज अशा पाच जागा झाल्या की कोणती गोष्ट कुठे लिहिली हे लक्षात ठेवायचं नवं काम मागे लागतं.

उजव्या पानावर कामं, डाव्या पानावर बोलणं. वर तारीख.

काम लिहिताना नुसतं नाव लिहू नका, ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे. वहीत "बँक" असा एकच शब्द असतो. तीन दिवसांनी तो वाचताना बँकेत काय करायचं होतं ते आठवत नाही, म्हणून डोळा पुढे सरकतो. ओळीत क्रियापद हवं, मुदत हवी, आणि लागणारी वस्तू कुठे आहे तेही हवं: "बँकेत जाऊन एफडी पुढे चालू ठेवायला सांगणे. १४ तारखेच्या आत. पावती निळ्या फाइलमध्ये." ही ओळ तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणी वाचली तरी त्याला काम करता आलं पाहिजे. तीन दिवसांनंतरचे तुम्ही म्हणजे जवळपास दुसरा माणूसच असता.

लिहायचं ते ऐकल्याबरोबर. माणूस एका वेळी सात-एक गोष्टी मनात धरू शकतो असं मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडलं होतं. पुढे २००१ मध्ये दुसरे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी तो आकडा चाराच्या आसपास आणला. म्हणजे जिना उतरेपर्यंत दोन माणसं भेटली की सांगितलेलं काम गेलंच. समोरच्याला "एक मिनिट, लिहून घेतो" म्हणायला लाजू नका. त्याला बरंच वाटतं.

वही दिवसातून दोनदा वाचायची, आणि त्या वेळा आधीच ठरलेल्या कशाला तरी जोडायच्या: सकाळचा चहा आणि संध्याकाळी कामावरून निघण्याआधीची पाच मिनिटं. बहुतेकांची वही इथेच मरते. लिहिणं उत्साहाने होतं, वाचणं होत नाही. दोन आठवडे फक्त वाचायच्या वेळा सांभाळल्या आणि बाकी सगळं गबाळं राहिलं तरी चालेल. झालेल्या कामावर बरोबरची खूण, पुढे ढकललेल्यावर बाण. एका कामावर तिसरा बाण आला की थांबून विचारा. एक तर ते काम फार मोठं आहे, त्याचा पहिला तुकडा तोडून लिहा. नाही तर ते तुम्हाला करायचंच नाही, सरळ काट मारा.

खूणगाठीत काय चुकायचं

पूर्वी आठवणीसाठी पदराला गाठ मारत, आणि संध्याकाळी गाठ सापडली की ती कशासाठी मारली होती यावर घरभर चर्चा होई. गाठ एवढंच सांगते की काहीतरी आहे. काय आहे ते सांगत नाही, आणि दिसते भलत्याच वेळी. आठवण करून देणाऱ्या कोणत्याही गोष्टीला या दोन कसोट्या लावा: ती काम सांगते का, आणि जिथे ते काम करता येईल तिथे समोर येते का.

मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यावरची खूण या दोन्ही कसोट्यांना उतरते. झाकणावर पूर्ण पत्ता नसतो. डबा एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि प्रत्येक हाताला हवं तेवढंच त्यावर असतं: कोणत्या स्टेशनला उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. कुणालाही सगळं पाठ असावं लागत नाही.

फोनचा अलार्म याच कारणाने वाया जातो. "औषध" असा अलार्म दुपारी दोनला वाजतो, तेव्हा तुम्ही रिक्षात असता आणि गोळी घरी. तुम्ही अलार्म बंद करता आणि मेंदू काम झाल्याची नोंद करून टाकतो. अलार्म त्या वेळी हात मोकळे असतील अशाच वेळेला लावा आणि त्यात पूर्ण वाक्य लिहा. काम हातात घेतल्याशिवाय तो बंद करायचा नाही, पुढे ढकलायचा. रोज वाजणारे अलार्म तीन-चारच ठेवा. जास्त झाले की ते कानाला कळेनासे होतात.

घड्याळापेक्षा वस्तू आणि प्रसंग जास्त भरवशाचे. दुरुस्तीला न्यायचा मिक्सर दारात आडवा ठेवा, ओलांडल्याशिवाय बाहेर पडताच येऊ नये. रात्रीची गोळी टूथब्रशच्या पेल्यात ठेवा. (घरात लहान मूल असेल तर गोळी वरच कपाटात, आणि पेल्यात रिकामं पाकीट.) जिथे वस्तू ठेवता येत नाही तिथे वाक्य तयार करा: "जेव्हा मी जेवून ताट उचलीन, तेव्हा काकांना फोन लावीन." मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा जेव्हा-तेव्हाच्या ठरावांवर बराच अभ्यास केला आहे. "आज काकांना फोन करायचाच" या नुसत्या निश्चयापेक्षा अशा ठरावाने काम होण्याची शक्यता वाढते, कारण आठवण करून द्यायचं काम ताट करतं. "जेव्हा वेळ मिळेल तेव्हा" हा ठराव नव्हे. जेव्हाच्या पुढे डोळ्याला दिसेल किंवा हाताला लागेल असंच काहीतरी हवं.

शेवटचं टोक

झेरॉक्सचा मूळ कागद काचेखाली राहतो, कारण तुम्ही ज्यासाठी गेला होतात ती प्रत हातात आलेली असते. हेतू साधला की मन कामातून उठतं, मागे आवराआवर उरली तरी. म्हणूनच एटीएम पैसे सोडण्याआधी कार्ड काढून घ्यायला लावतं. आधी पैसे दिले तर कार्ड तिथेच राहतं. तीच युक्ती घरी वापरा. ज्यासाठी काम करताय ती गोष्ट सगळ्यांत शेवटी हातात आली पाहिजे. दुकानदाराच्या हातून प्रत घेण्याआधी मूळ कागद मागा. कुकर उतरवायचा तो गॅसचा नॉब फिरवल्यावरच. दूध तापवताना तिथून हलायची सवय असेल तर शिट्टीचा दुधाचा कुकर घ्या. निश्चयाने उतू जाणं थांबत नाही.

कुलूप लावलं की नाही, हा प्रश्न रिक्षात बसल्यावर पडतो, कारण हात सवयीने कुलूप लावतो आणि मन तिथे नसतं. जपानी रेल्वेत यासाठी बोट दाखवून मोठ्याने बोलायची पद्धत आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या चाचणीत साध्या कामातल्या चुका शंभर कृतींमागे २.३८ वरून ०.३८ वर आल्या. आपल्याकडेही इंजिनात लोको पायलट आणि सहायक एकमेकांना सिग्नल मोठ्याने सांगतात. तुम्ही कुलपाकडे बोट दाखवून म्हणा, "गुरुवार, कुलूप लागलं." वार म्हणायचाच. नाहीतर कालची आठवण आणि आजची आठवण एकमेकींत मिसळतात आणि तुम्ही जिना चढून परत येता. शेजारी हसतील, चार दिवसांनी त्यांनाही सवय होते.

यादी करणाऱ्यांची यादी

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगचं नवं, चार इंजिनांचं मॉडेल २९९ चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. विमान उभं असताना वाऱ्याने पंख आणि शेपटी यांचे हलते भाग हेलकावू नयेत म्हणून त्यांना अडकवून ठेवतात; ती अडक काढायची राहिली होती. चालवणारे मेजर हिल अननुभवी नव्हते. विमानात लक्षात ठेवायच्या गोष्टी एका डोक्याला झेपेनाशा झाल्या होत्या. त्यानंतर वैमानिकांच्या हातात उड्डाणापूर्वीची छोटी यादी आली. शस्त्रक्रियेतही तेच झालं. जागतिक आरोग्य संघटनेची एकोणीस मुद्द्यांची यादी नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांप्रमाणे मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या यादीत अगदी साध्या गोष्टी आहेत: रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, कापसाचे बोळे मोजले का.

आपली यादी करताना काही पथ्यं. एका यादीत पाच ते नऊ ओळी, जास्त नाही. कधीच राहत नाहीत अशा गोष्टी त्यात घालू नका. "कपडे भरा" अशी ओळ असली की डोळा पुढच्या ओळींवरूनही घसरतो. राहिलं तर महागात पडेल आणि खरोखर राहतं, तेवढंच ठेवा. तुमच्या आठ दिवसांच्या नोंदीत ते आहेच. आणि यादी वाचायला थांबायची जागा ठरवा. आठ दिवस गावाला जाताना ती जागा म्हणजे दाराची आतली कडी. कडीच्या वर, डोळ्यांच्या उंचीला, पोस्टकार्डाएवढा कागद:

गॅसचा रेग्युलेटर बंद
पाण्याचा मुख्य कॉक बंद
गिझर, इस्त्री, मोटार बंद
दूध-दही शेजारी दिलं
ओला कचरा बाहेर
औषधं, चष्मा पिशवीत
दुसरी किल्ली शेजारी

आधी सवयीप्रमाणे सगळं करा, मग कडीला हात लावण्याआधी एकेक ओळ वाचून खात्री करा. पहिल्या तीन प्रवासांत ही यादी चुकेल. परत आल्यावर त्याच दिवशी पेनने दुरुस्त करा आणि खाली तारीख टाका. क्वचित करायची आणि क्रम चुकला तर बिघडणारी कामं असतील (इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं, एखादा ऑनलाइन अर्ज भरणं), तर उलट करा: ओळ वाचायची, ती करायची, मग पुढची वाचायची.

इथून उणीव कामाला येते

डाव्या पानावर बोलणं लिहायचं म्हटलं, त्याचा उपयोग आता दिसतो. प्लंबर आला, सोसायटीची बैठक झाली, साहेबांनी कॉरिडॉरमध्ये काही सांगितलं: चार गोष्टी टिपा. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, पैसे किती. आणि त्याच दिवशी संबंधितांना मेसेज टाका: "आज ठरलं ते असं. टाकी धुणे रविवारी, मजुरी दोन हजार, पाणी सकाळी सात ते अकरा बंद. काही चुकलं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा." शेवटचं वाक्य वगळू नका. त्यामुळे तुमची नोंद सगळ्यांची होते, आणि तुमच्या ऐकण्यातली चूकही वेळेत सापडते. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर लोकांच्या आठवणी आपापल्या सोयीने बदललेल्या असतात.

चांगल्या स्मरणशक्तीचा माणूस हे करत नाही, त्याला गरज वाटत नाही. मग सहा महिन्यांनी मजुरीवरून वाद झाला की त्याच्याकडे "मला चांगलं आठवतंय" एवढंच असतं, आणि समोरच्यालाही तितकंच चांगलं आठवत असतं. शिवाय त्याला रजा घेता येत नाही, सगळं त्याच्या डोक्यात असतं. तुमची यादी मात्र दुसऱ्याच्या हातात देता येते. ऑफिसात दर महिन्याचं एखादं काम असेल तर त्याचा असा एक कागद करून ठेवा आणि नव्या माणसाला तो वाचून काम करायला लावा. तो जिथे अडेल तिथे तुमची ओळ अपुरी आहे.

एक पथ्य पाळा. वही घरच्या भांडणात काढू नका. "माझ्याकडे तारखेसकट लिहिलेलं आहे" हे वाक्य प्लंबरला चालतं, बायकोला किंवा नवऱ्याला नाही.

घराचाच आणखी एक मुद्दा. पुष्कळ विसराळू माणसांना आपण विसराळू असल्याचा त्रासच होत नाही, कारण त्यांच्यासाठी दुसरं कुणीतरी लक्षात ठेवत असतं. बहुतेक घरांत ते कुणीतरी म्हणजे आई किंवा बायको. "मला आठवण कर हं" म्हणणं म्हणजे आपलं ओझं तिच्या डोक्यावर ठेवणं. ते वाक्य ज्या दिवशी वापरायचं बंद होईल त्या दिवशी वही खरी सुरू झाली असं समजा.

वाचलेलं टिकत नाही, त्यांच्यासाठी

परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विसराळू मुलांना एक फायदा असतो, तो त्यांना कुणी सांगत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की विसरणं पहिल्या काही तासांत सगळ्यांत वेगाने होतं, नंतर मंदावतं. अर्धवट विसरलेली गोष्ट खटपट करून आठवली की ती जास्त पक्की बसते. २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. ज्याला वाचताक्षणी "आलं मला" वाटतं तो परत परत वाचत बसतो. ज्याला स्वतःवर भरवसा नाही तो स्वतःला विचारून बघतो.

पद्धत: पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची कार्डं, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. जर्मन विज्ञान-पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवल्याप्रमाणे एका खोक्याचे पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज, दुसरा दर तिसऱ्या दिवशी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. रोज नवी कार्डं दहाच्या वर नकोत, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात पहिला कप्पा ओसंडून वाहतो आणि खोकं माळ्यावर जातं. एका कार्डावर एकच प्रश्न. उत्तर आठवेना म्हणून लगेच उलटू नका, मनात दहा आकडे मोजा. त्या दहा आकड्यांतच खरा अभ्यास होतो.

वहीने सगळं साधत नाही. लग्नात समोर आलेल्या माणसाचं नाव ती सांगणार नाही. तिथे "माफ करा, नाव विसरलो" हे पहिल्या मिनिटात म्हणणं दहाव्या मिनिटापेक्षा बरं. व्यासपीठावर पाठांतर लागतं तिथेही ती उपयोगी नाही.

वही संपत आली, म्हणजे दहा पानं उरली, की नवी आणा. पूर्ण संपेपर्यंत थांबलात तर मधले चार दिवस चिठ्ठ्यांवर जातात. न झालेली कामं नव्या वहीत हाताने उतरवा. उतरवताना कंटाळा येईल ती कामं बहुधा सोडून देण्यासारखीच असतात. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर पहिली आणि शेवटची तारीख ठळक लिहून ती विम्याच्या, बँकेच्या कागदांशेजारी ठेवा. आणि ती जागा कोणती, ते नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.